ओढा वाहता करायचा असेल तर पोकलेन आधी थांबवा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. गाव माणदेशाच्या कडेला, पाऊस सरासरी ५०० मिलिमीटर. गावचा ओढा आजोबांच्या काळात होळीपर्यंत वाहायचा, आता दिवाळी झाली की महिन्याभरात कोरडा पडतो. तो खाली ज्या नदीला मिळतो तिथे उन्हाळ्यात वरच्या गावांचं सांडपाणी आणि जलपर्णी एवढंच उरतं. एका कंपनीच्या सामाजिक निधीतून २० लाख मिळायची शक्यता आहे. गावात दोन तट पडलेत: एकांना ओढ्याचं खोलीकरण आणि रुंदीकरण हवंय, दुसऱ्यांना चार सिमेंट बंधारे. कोणाचं ऐकायचं, असं तुम्ही विचारलंय.

या पैशातून लगेच तरी दोन्ही नकोत, असं मी म्हणेन. का, ते जरा सविस्तर सांगते. मी भूजलाची माणूस आहे, बेसाल्टच्या मुलखात पाणलोटाची कामं करत आलेय, आणि हा प्रश्न गावोगाव याच रूपात समोर येतो.

खोलीकरण काय आणि बंधारे काय, दोन्हींनी ओढ्यात पाणी साठतं. तुम्हाला तर ओढ्यातून खाली नदीपर्यंत पाणी जायला हवंय. ही दोन वेगळी कामं आहेत आणि कधी कधी एकमेकांच्या विरोधात जातात. साठा झाला की आजूबाजूच्या विहिरी भरतात, विहिरी भरल्या की मोटारी वाढतात, आणि ओढा होता त्याहून आधी आटतो. असं झालेली गावं मी पाहिली आहेत. तिथल्या लोकांना विचारलं तर काम यशस्वी झालं असंच ते सांगतात, आणि त्यांच्या बाजूने ते खरंही असतं. ऊस वाढलेला असतो. नदीचं कोणी विचारत नाही.

दिवाळीनंतर, पाऊस थांबल्यावर, ओढ्यात पाणी येतं कुठून? जमिनीतून. महाराष्ट्राचा सुमारे ८२ टक्के भूभाग बेसाल्टचा आहे, तुमचं गावही त्यातच. वर मुरूम, खाली कुठे भेगाळलेला खडक, कुठे पांढऱ्या ठिपक्यांचा सच्छिद्र थर (काही भागांत विहीर खोदणारे त्याला मांजऱ्या म्हणतात), त्याखाली काळा पाषाण, मध्येच एखादा तांबड्या गेरूचा पट्टा. पाणी धरतो तो मुरूम आणि भेगाळ-सच्छिद्र थर. काळ्या पाषाणात पाणी फारसं शिरत नाही, त्यामुळे ते त्याच्या माथ्यावरून आडवं सरकतं आणि ओढ्याने जिथे तो थर कापलेला असतो तिथे पाझरून बाहेर येतं. त्यालाच आपण उपळी फुटली म्हणतो.

हे समजायला रांजण डोळ्यासमोर आणा. रांजणाला मधल्या उंचीवर एक भोक आहे, ते भोक म्हणजे ओढा. पाण्याची पातळी भोकाच्या वर आहे तोवर धार चालू. पातळी बोटभर खाली गेली की धार बंद, मग खाली अर्धा रांजण भरलेला असो. वरून पन्नास जण तांबे बुडवत असतील तर पातळी भोकाखाली लवकर जाणार हे उघड आहे. आता धार पुन्हा सुरू करायला भोक आणखी खाली पाडलं तर काय होईल? चार दिवस धार जोरात चालेल आणि रांजण लवकर रिकामा होईल. खोलीकरण म्हणजे हेच.

थोडं गणित करू, कारण गावच्या बैठकीत गणितानेच बोलणं पुढे सरकतं. समजा तुमच्या ओढ्याचं पाणलोट १,००० हेक्टरचं आहे. ५०० मिलिमीटर पाऊस म्हणजे ५० लाख घनमीटर पाणी. बेसाल्टमध्ये त्यातलं दहाएक टक्के जमिनीत मुरतं असं धरू, म्हणजे ५ लाख घनमीटर. ओढ्याला दिवाळी ते होळी, चार महिने, सेकंदाला १० लिटरची धार हवी असेल (दोनशे लिटरचं पिंप वीस सेकंदांत भरेल एवढी), तर लागतं साधारण १ लाख घनमीटर. मुरलेल्या पाण्याचा पाचवा हिस्सा. आणि हे १ लाख घनमीटर उसाच्या भाषेत किती? फक्त बारा-पंधरा एकर. पाटाने दिलेल्या पाण्यातलं काही परत झिरपतं हे मान्य, तरी आकडा फार हलत नाही.

लोक हा हिशोब ऐकून एकदम शांत होतात, असा माझा अनुभव आहे. कारण त्यांना वाटत असतं की ओढा वाहता करायचा म्हणजे आकाशातून काहीतरी मोठं पाणी आणावं लागेल. ते पाणी गावातच आहे, फक्त ते कुणाच्या तरी पाइपातून जातंय.

दुसरा आकडा खडकाच्या पोटाचा. आपल्या बेसाल्टमध्ये पाणी साठायची जागा फार कमी, साधारण १ ते ३ टक्के. दोन टक्के धरले तर एका हेक्टरखालची पातळी मीटरभर वर आली म्हणजे फक्त २ लाख लिटर पाणी वाढलं. पाच एचपीची मोटार दिवसभरात, आठ तास चालली तर, त्याहून जास्त उपसते. म्हणून आपल्याकडे विहिरी पावसाळ्यात भराभर भरतात आणि तितक्याच भराभर खाली जातात. वाळू आणि गाळाच्या खोऱ्यांत असं होत नाही. धुळे जिल्ह्यातल्या शिरपूरच्या कामाचा (नाले खोल-रुंद करून त्यावर बंधारे) दाखला तुमच्याकडेही दिला जात असेल. तो भाग बराचसा तापीच्या खोल गाळाचा आहे. तिथे जे चाललं ते काळ्या पाषाणावर तसंच चालेल असं गृहीत धरू नका.

डिसेंबर २०१४ मध्ये जलयुक्त शिवार अभियान जाहीर झालं आणि त्यानंतर खोलीकरणाचं पेव फुटलं. योजनेत कंपार्टमेंट बंडिंगपासून (शेतात बांध घालून चौकोनी वाफे पाडणं) सलग समतल चरांपर्यंत (टेकडीवर एकाच उंचीने खोदलेले लांब चर) बरीच कामं होती, पण पोकलेनचं काम लवकर दिसतं, फोटो चांगला येतो आणि बिल निघायला सोपं जातं. गाळ काढायला माझा विरोध नाही. साचलेला गाळ मूळ तळापर्यंत काढला तर मुरणं सुधारतं, आणि तो गाळ शेतात पडला तर सोनंच. घोटाळा होतो तो गाळाखालचा मुरूम आणि वाळू उचलल्यावर. वाळू पाणी धरून ठेवते आणि हळूहळू सोडते. मुरूम तर तुमचा पाणीधारक थरच. तो कापला की दोन्ही काठांच्या जमिनीतलं पाणी खंदकात लवकर उतरतं. शिवाय यंत्राने ओढा सरळ, एकसारख्या रुंदीचा करून टाकला की डोह आणि खळाळ दोन्ही नाहीसे होतात. उन्हाळ्यात मरळ, वांब, शिंगटा डोहातच जीव धरून राहतात. डोह गेला की पुढच्या पावसात पाणी आलं तरी मासा येत नाही.

बंधाऱ्यांचं प्रकरण थोडं वेगळं आहे. एखादा बंधारा योग्य जागी असेल तर उपयोगाचाच. पण चार एकापाठोपाठ म्हणजे ओढ्याच्या जागी चार तळी. वरचं भरून सांडल्याशिवाय खालच्याला पाणी नाही, आणि दिवाळीनंतर सांडण्याचा प्रश्नच येत नाही. साठलेलं पाणी उघड्यावर राहतं. आपल्या कोरड्या हवेत जानेवारी ते मे या काळात मीटरभर तरी पाणी नुसतं उडून जातं. बंधाऱ्यात मुरलेलं पाणी ओढ्याच्या अगदी काठच्या विहिरींना मिळतं, म्हणजे ज्यांच्याकडे आधीच पाणी आहे त्यांना. आणि ओढ्याच्या तळात मुरलेलं पाणी ओढ्यात परत यायला वेळ घेत नाही, काही दिवसांत किंवा आठवड्यांत खाली निघून जातं. माथ्यावर मुरलेलं पाणी मात्र महिनोन्‌महिने प्रवास करून येतं. होळीला ओढ्यात पाणी हवं असेल तर ते ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये टेकडीवर मुरायला लागतं. ‘माथा ते पायथा’ हे आपण घोषणेसारखं म्हणतो, पण त्यामागचं कारण हे वेळेचं आहे.

आता परिस्थितीवर अवलंबून असलेल्या गोष्टी. तुमच्या प्रश्नात चार माहित्या नाहीत आणि त्यांवर बरंच ठरतं. ओढ्याच्या वरच्या अंगाला पाझर तलाव किंवा लघुपाटबंधाऱ्याचा तलाव आहे का? असेल तर अर्धा प्रश्न तिथल्या विसर्गाचा आहे. ओढा कधीपासून लवकर आटू लागला, आणि त्या सुमारास गावात काय बदललं: वीज, बोअर, द्राक्ष-डाळिंब, साखर कारखाना, वाळूउपसा? विहिरी किती आणि बोअर किती? आणि टेंभू, उरमोडीसारख्या एखाद्या उपसा योजनेचं पाणी तुमच्या शिवारात येतं का?

शेवटच्या मुद्द्यावर थोडं थांबते. पुष्कळ गावं उपसा योजनेचं आवर्तन ओढ्यात सोडून घेतात आणि ओढा वाहता झाला म्हणतात. पाणी सोडलं आहे तोवर वाहतो, बंद केलं की दोन दिवसांत कोरडा. तरीही या पाण्याला मी कमी लेखत नाही. ते थेट शेतात घेऊन तेवढे दिवस काठच्या विहिरींचा उपसा बंद ठेवता आला तर जमिनीतली पातळी टिकते, आणि ती पुढे ओढ्याला पाणी देते. हेच पाणी ओढ्यात सोडून लोकांनी काठावरून मोटारींनी उचललं तर हाती काही लागत नाही.

म्हणून पैसा खर्च करण्याआधी एक काम करा, त्याला पैसा लागत नाही. मार्गशीर्षात, डिसेंबरच्या सुमारास, उगमापासून संगमापर्यंत ओढा चालून या. सोबत दोन म्हातारी माणसं, एक गुराखी, आणि जमलं तर विहिरी खोदणारा एखादा वडार. पाणी कुठे सुरू होतं, कुठे वाढतं, कुठे गायब होतं ते नकाशावर मांडा. सकाळी लवकर गेलात तर हात घालून पाहा, जमिनीतून येणारं पाणी साठलेल्या पाण्यापेक्षा कोमट लागतं. लव्हाळा आणि पाणकणीस कुठे आहे, काठावर ओल कुठल्या उंचीवर आहे, तिथे गेरूचा पट्टा दिसतो का, सगळं टिपा. म्हाताऱ्यांना विचारा की ७२ च्या दुष्काळात कुठल्या डोहात पाणी होतं. त्या दुष्काळात धान्य नव्हतं पण बऱ्याच गावांत प्यायला पाणी होतं, हे तुम्हीही ऐकलं असेल. तेव्हा बोअर फारसे नव्हते.

चालताना आणखी एक बघायचं, ते म्हणजे आडवे बोअर. ओढ्याकाठच्या विहिरींमध्ये तळाशी ओढ्याच्या दिशेने आडवी भोकं मारलेली असतात. वरून काहीच दिसत नाही. एका बाजूने ओढ्याला पाणी देणारा थर या भोकांनी उलट ओढ्यातूनच पाणी खेचायला लागतो. असा पट्टा सापडला तर तिथे बंधारा बांधणं म्हणजे निधीचे पैसे त्या चार विहिरींत ओतणं.

ही पाहणी झाली की माथ्याचं काम ठरवता येतं. सगळ्या टेकडीवर सरसकट चर खोदायची गरज नसते. जिथे सच्छिद्र किंवा भेगाळ थर उघडा पडलाय तिथे चर, दगडी बांध, छोटे माती बांध. जिथे नुसता काळा पाषाण आहे तिथे चर खोदून पाणी उभं राहील आणि उडून जाईल, मुरणार नाही. उताराच्या शेतांत बांधबंदिस्ती. आणि माथ्यावर दोन-तीन वर्षं चराईबंदी, गवत आलं पाहिजे. गवताबद्दल मी जरा हट्टी आहे. चर पाच-सहा पावसाळ्यांत गाळाने भरतात, गवत मात्र टिकवलं तर दरवर्षी दाट होतं. पण चराईबंदी म्हटलं की मेंढपाळ आणि भूमिहीन घरांवर पहिला घाव पडतो, तेव्हा कापून नेण्याचा हक्क आधी त्यांना द्या. नाहीतर दुसऱ्या वर्षी बंदी मोडते, आणि मोडली तर मी त्यांना दोष देणार नाही. टेकडी वनखात्याची असेल तर परवानगीला वेळ लागतो, अर्ज आत्ताच करा.

आता सगळ्यात अवघड भाग, ज्याला बहुतेक जण हात लावत नाहीत. वर कितीही मुरवा, रांजणात बुडणारे तांबे तेवढेच वाढले तर धार वाढणार नाही. ओढ्याचा हिस्सा बाजूला काढावाच लागतो. कुणाच्या तरी उपशावर मर्यादा आल्याशिवाय ओढा वाहिलेला मला माहीत नाही.

आम्ही वापरतो ती रीत अशी. ओढ्याच्या काठापासून दोन-तीनशे मीटरच्या आत तीन विहिरी निवडायच्या, वरच्या, मधल्या आणि खालच्या टप्प्यात एकेक. सर्व्हेअरकडून डंपी लेव्हल (उंची मोजायची दुर्बीण) लावून समोरच्या ओढ्याच्या तळाची उंची विहिरीच्या आतल्या भिंतीवर उतरवून घ्यायची. तिथे तेलरंगाने लाल पट्टा. पाणी पट्ट्याच्या वर आहे तोवर ओढ्याला पाणी मिळतंय, खाली गेलं की ओढाच विहिरीला पाणी देतोय किंवा आटलाय. पट्ट्याच्या वर अर्ध्या मीटरवर दुसरा, पिवळा पट्टा. पाणी पिवळ्याला टेकलं की त्या टप्प्यातल्या काठच्या मोटारी एक दिवसाआड. लालला टेकलं की पिण्याचं आणि जनावरांचं पाणी सोडून उपसा बंद. याचा फायदा असा की वाद मोटारवाल्याच्या नावावर होत नाही. शाळेतलं पोरही विहिरीत डोकावून सांगू शकतं.

सगळीकडे हे चालतं असं मुळीच नाही. काठावर दोन-तीन मोठे बागायतदार असतील आणि बाकीचं गाव कोरडवाहू असेल तर लवकर जमतं, कारण बहुमत कोरडवाहूंचं असतं, आणि त्या दोघा-तिघांशी बसून बोलता येतं. काठावर चाळीस छोटे बागायतदार असतील तर फार कठीण, कारण प्रत्येकाचं कर्ज त्या विहिरीवर उभं असतं. तिथे आधी पीक बदलायला मदत करावी लागते, बंदी नंतर. एका गावात लाल पट्टा रातोरात खरवडून काढलेला होता. तिथे आम्ही पुन्हा रंगवत बसलो नाही, ठिबकचा हप्ता भरायला सुरुवात केली.

हे सगळं माझ्या डोक्यातून निघालेलं नाही. पुरंदर तालुक्यातल्या नायगावला विलासराव साळुंखे यांनी ७२ च्या दुष्काळानंतर पाणी पंचायत उभी केली. तिथे पाण्याचा वाटा जमिनीवर न ठरता घरातल्या माणसांवर ठरला: माणशी अर्धा एकर, आणि उसाला पाणी नाही. हिवरे बाजारला दरवर्षी पावसाळा संपला की ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि त्यावरून रब्बी ठरवतात. ऊस आणि केळी नाही, शेतीसाठी बोअर नाही. लोक हिवरे बाजार बघायला जातात आणि चरांचे फोटो काढून येतात. ग्रामसभेच्या ठरावाचा फोटो काढा.

राजस्थानात अलवर जिल्ह्यातल्या अरवरी नदीचीही गोष्ट तुम्हाला उपयोगी पडेल. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून तरुण भारत संघ या संस्थेच्या पुढाकाराने तिथल्या गावांनी जोहड (पावसाचं पाणी अडवणारी मातीची तळी) बांधले आणि दहाएक वर्षांत कोरडी नदी वाहू लागली. नदीत मासे आले, तेव्हा सरकारने मासेमारीचा ठेका दिला, गावं विरोधात उभी राहिली. त्यानंतर सुमारे ७० गावांची अरवरी संसद झाली आणि नदीचं पाणी कोणी कसं वापरायचं याचे नियम तिने केले, जास्त पाणी पिणाऱ्या पिकांवरची बंधनंही त्यात आली. त्यांचा खडक आपल्यासारखा नाही, त्यामुळे जोहडची नक्कल करून उपयोग नाही. नियम मात्र कुठल्याही खडकावर चालतात.

कायद्याची मदत आहे, पण थोडीच. महाराष्ट्र भूजल अधिनियम, २००९ नुसार शेतीसाठी ६० मीटरपेक्षा खोल विहीर घ्यायला मनाई आहे आणि सार्वजनिक पिण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर घेता येत नाही. अंमलबजावणी कशी आहे ते तुम्ही गावातल्या बोअरच्या गाड्यांवरून ओळखलं असेलच. तरी ग्रामसभेच्या ठरावात या कलमांचा उल्लेख असू द्या, नवे बोअर अडवताना उपयोगी पडतो. नदीत किमान किती पाणी राहिलंच पाहिजे असा नियम केंद्राने २०१८ मध्ये गंगेसाठी केला. तिच्या वरच्या टप्प्यात नोव्हेंबर ते मार्च या महिन्यांत प्रवाहाच्या २० टक्के पाणी सोडणं बंधनकारक आहे. तुमच्या ओढ्यासाठी दिल्लीतून किंवा मुंबईतून असा कागद निघणार नाही, तो गावालाच काढावा लागेल. वर जो पाचवा हिस्सा आला तोही नेमका २० टक्केच, हा योगायोग, पण ठराव मांडताना कामाला येतो.

नदीच्या आरोग्याचा तुमचा मूळ प्रश्न इथे येतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२२ च्या यादीत देशातले ३११ प्रदूषित नदीपट्टे होते आणि त्यातले ५५ महाराष्ट्रात, कुठल्याही राज्यापेक्षा जास्त. यात कारखाने आहेत, शहरं आहेत. पण छोट्या नद्यांच्या बाबतीत आणखी एक कारण असतं ज्याकडे दुर्लक्ष होतं: ओढे आटले म्हणून घाण तेवढीच असूनही नदीत ती पातळ करायला काही उरलं नाही. उन्हाळ्यात पात्रात शंभर टक्के सांडपाणी असेल तर कितीही जलपर्णी काढा, महिन्यात परत येते. तुमच्या ओढ्याने १० लिटर सेकंदाला दिले तर नदी स्वच्छ होणार नाही हे उघड आहे. पण संगमाखालच्या एक-दोन डोहांत प्राणवायू टिकू शकतो, आणि मासे तिथे थांबू शकतात. असे पाच-सात ओढे जिवंत झाले तर नदीत फरक दिसतो. आणि तुमच्या स्वतःच्या गावाची गटारं ओढ्यात सोडू नका. घरोघरी शोषखड्डे आणि जिथे दाटी आहे तिथे सामाईक शोषखड्डा, हे ओढ्यात पाणी येण्याआधी व्हायला हवं. काठावरच्या वेड्या बाभळी काढायची घाई करू नका. एका पट्ट्यात काढा, तिथे करंज, जांभूळ, उंबर, वाळुंज लावा, ती धरली की पुढचा पट्टा.

२० लाखांचं काय? मी असं वाटेन. निम्मे माथ्यावरच्या चर, दगडी बांध आणि गवतासाठी. पाचएक लाख काठच्या शेतकऱ्यांच्या ठिबकला, सरकारी अनुदानाच्या वरचा त्यांचा हिस्सा भरायला, आणि त्या बदल्यात लाल पट्ट्याचा लेखी करार. दोन लाख शोषखड्ड्यांना. लाखभर मोजमापाला: पर्जन्यमापक, मापपट्ट्या, सर्व्हेअर आणि दर आठवड्याला विहिरी मोजणाऱ्या एका मुलीला किंवा मुलाला मानधन. उरलेले दोन लाख तसेच ठेवा, पहिल्या पावसात कुठले तरी बांध फुटतातच. कंपनीचे लोक उद्घाटनाला काय दाखवायचं विचारतील. त्यांना पर्जन्यमापक दाखवा. हे चेष्टेने म्हणत नाही. फक्त तो घेण्याआधी एक बघा, तुमचं गाव केंद्राच्या अटल भूजल योजनेत असेल (महाराष्ट्रातल्या १३ जिल्ह्यांत ती राबवली गेली) तर पर्जन्यमापक आणि जलअंदाजपत्रक आधीच असण्याची शक्यता आहे. ग्रामपंचायतीत विचारा, बहुधा कपाटात असेल.

पहिल्या वर्षी ओढ्यात फरक दिसणार नाही, विहिरींत थोडा दिसेल, आणि नेमका तोच धोक्याचा काळ, कारण वाढलेलं पाणी पाहून नवी लागवड होते. करार त्याच्या आधी झालेला हवा. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी ओढा काही आठवडे जास्त चालला तर काम बरोबर चाललंय समजा. पाऊस ३०० मिलिमीटरवर आला तर काहीच दिसणार नाही, त्याने निराश व्हायचं कारण नाही. मोजायचं एवढंच: कुठल्या डोहाच्या सांडीवरून पाणी कोणत्या तारखेला थांबलं. ती तारीख दरवर्षी पावसाच्या आकड्यासोबत ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहा.

बंधाऱ्याचा आग्रह धरणाऱ्यांना एकदम नाही म्हणू नका. ओढा चालून झाल्यावर एखादी जागा अशी सापडू शकते जिथे पाणी गायब होतं, खाली भेगाळ खडक आहे आणि आसपास आडवे बोअर नाहीत. तिथे पुढच्या वर्षीच्या निधीतून एक बंधारा, आणि त्याला तळाशी बंद करता येणारा पाइप ठेवलेला, म्हणजे जानेवारीत खाली पाणी सोडता येईल. तो नकाशा, विहिरींची खोली आणि जुनं पाझर तलावाचं काम असेल तर त्याची माहिती इथेच टाका. जागेबद्दल मग मला नेमकं काही सांगता येईल.